दिवा लागला, पण निरोप पोचला का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. दरवर्षी या दिवशी कोणी मुलांच्या संगोपनावर बोलते, कोणी आरोग्यावर, कोणी बचतीवर. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मात्र निराळाच. त्या म्हणाल्या, "वहिनी, मंडळात इंटरनेटची नवी पेटी बसवली तेव्हा तुम्ही ती कशी तपासून घेतलीत, तेवढेच सांगा." प्रथम मला हसू आले. मग वाटले, पापड-लोणच्याची कृती आपण एकमेकींना सांगतो, तशी हीही एक कृतीच आहे. जी एकीला आली ती दहा जणींना यायला हरकत नाही.

ज्या पेटीला राउटर म्हणतात तिच्याविषयी मी बोलणार आहे. बाहेरून येणारे इंटरनेट ही पेटी घेते आणि घरातल्या फोनला, संगणकाला वाटून देते. नवी पेटी आली, नवी वायर ओढली, हिरवे दिवे लागले, की आपण म्हणतो, "चला, काम झाले." माझे सांगणे एवढेच आहे की दिवा लागणे आणि काम होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्याला माहीत आहेच. ती या पेटीलाही लागू पडते.

कोणी म्हणेल, हे पुरुषांचे किंवा शिकलेल्या मुलांचे काम, बायकांनी त्यात कशाला पडावे? पण इंटरनेट बंद पडले तर खोळंबा कोणाचा होतो, ते पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळी आपल्यापैकी कित्येकींनी संगणक पाहिलेलाही नव्हता. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले, तेही आपल्या खानदेशातच, शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला, त्याआधी ते गाव आपल्या धुळे जिल्ह्यातच होते. त्या कार्डानंतर आपला अंगठा आणि आपले नाव हळूहळू सगळीकडे इंटरनेटशी बांधले गेले. रेशनच्या दुकानात अंगठा, बँकेच्या मित्राकडे अंगठा. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये खात्यात येऊ लागले, आणि २०२५ साली त्यासाठी ई-केवायसी करावी लागली. तेव्हा आपल्या मंडळाच्या ओट्यावर केवढी गर्दी झाली होती, ते आठवून पाहा.

त्या गर्दीत कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या भगिनीही होत्या. त्यांनी एक दिवस मजुरी बुडवून यावे आणि ऐकावे काय, तर "नेट नाही, उद्या या." उद्याही तेच. "नेट नाही" हे दोन शब्द सांगणाऱ्याला सोपे असतात, ऐकणारीची मात्र दोन दिवसांची मजुरी जाते. शिवाय नेट नाही म्हणजे नेमके काय नाही, हे विचारण्याची सोय तिला नसते. तार तुटली, पेटी बिघडली, की नुसते एक बटण दाबायचे राहिले? माझ्या मते हा प्रश्न विचारता येणे, हीच आजच्या काळातली अर्धी साक्षरता आहे.

त्याआधीच्या एका वर्षीची गोष्ट पुष्कळ जणींना आठवत असेल. मंडळाचे नेट अकरा दिवस बंद होते. पेटी विकणारा म्हणे, लाइनचा दोष आहे. लाइनवाले म्हणत, पेटीचा दोष आहे. वायर ओढणारा म्हणे, माझी वायर ठणठणीत आहे, संगणकच जुना झाला. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील, मी कोणाचे नाव घेत नाही. पण आपल्या हाती पुरावा काही नव्हता, म्हणून अकरा दिवस आपण तिघांच्या दारी फिरलो. बचत गटाची माहिती भरायला दोघी जणींना एसटीने धुळ्याला जावे लागले, वीस किलोमीटर जायला आणि वीस यायला.

यंदा पावसाच्या तोंडाशी वीज कडाडली आणि मंडळाची जुनी पेटी जळाली. बाहेरून येते ती काचेची तार, म्हणजे फायबर. काचेतून विजेचा प्रवाह वाहत नाही. धक्का आला तो भिंतीतल्या विजेच्या बोर्डातून. मंडळाने शिल्लक रकमेतून नवी पेटी घेतली. त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या शिवण वर्गासाठी एक लांब वायर आणि एक छोटा स्विच घ्यायचेही ठरले. स्विच म्हणजे विजेचे बटण नव्हे. एका वायरीचे नेट चार-पाच यंत्रांना वाटून देणारी ती छोटी डबी.

बसवायला तरुण मुलगा आला होता. कामाला हुशार, बोलायला नम्र. दोन तासांत त्याने सगळे जोडले. दिवे हिरवे लागले. त्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, "काकू, झालं. इथे सही करा."

मी म्हटले, "भाऊ, चहा घ्या. सही करते, पण त्याआधी या पेटीला मला पाच प्रश्न विचारायचे आहेत."

तो हसला. पण बसला, हे विशेष. हे पाच प्रश्न मला माझ्या धाकट्या मुलीने शिकवले होते. ती संगणकाचा अभ्यास करते. अकरा दिवसांच्या त्या फेऱ्यांनंतर मी तिला म्हटले होते, "बाई ग, मला एवढे शिकव की दोष कुठे आहे ते मला बोट ठेवून सांगता आले पाहिजे."

प्रश्नांच्या आधी दिव्यांविषयी सांगते. पेटीवर एक दिवा विजेचा असतो. तो एवढेच सांगतो की पेटीला वीज मिळाली. एक दिवा पॉन नावाचा असतो. तो स्थिर असेल तर काचेच्या तारेतून पलीकडच्या केंद्राशी जोडणी झाली आहे. एल-ओ-एस नावाचा तांबडा दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाश पेटीपर्यंत येतच नाही. तार तुटली, मुडपली किंवा निसटली असे समजावे. आपले गाव आग्रा रोडवर आहे, रस्त्याचे किंवा नळाचे खोदकाम निघाले की अशी तार तुटायला वेळ लागत नाही. तांबडा दिवा दिसला तर पुढचे प्रश्न विचारूच नयेत, सरळ लाइनवाल्यांना कळवावे. आणि त्या काचेच्या तारेच्या टोकात डोळा लावून कोणीही पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेसरचा असतो. मुलांना तर तिथे मुळीच जाऊ देऊ नये.

आता हिरव्या दिव्यांचे काय? हिरवा दिवा सांगतो की दोन टोके जोडली गेली. निरोप जातो का, आणि त्याचे उत्तर परत येते का, हे तो सांगत नाही. ते विचारण्याची रीत निराळी आहे. तिचे नाव पिंग.

पिंगची हकिकत गमतीची आहे. माइक म्यूस नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत लष्कराच्या एका संशोधन शाळेत कामाला होते. १९८३ च्या डिसेंबरात तिथले संगणकांचे जाळे नीट चालेना. दोष कुठे आहे ते कळावे म्हणून त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. समुद्रात पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजतात. त्या आवाजावरून त्यांनी आपल्या प्रोग्रामला पिंग हे नाव दिले. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे छोटासा निरोप जातो, "आहेस का?" दुसरे उत्तर देते, "आहे." जायला-यायला किती वेळ लागला तेही लिहून येते. म्यूस २००० साली मोटार अपघातात वारले, पण त्यांनी लिहिलेल्या पिंगची रीत जवळजवळ प्रत्येक संगणकात आजही आहे आणि ती फुकट आहे.

आपल्या सोनगीरच्या बायकांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरजच नाही. तांब्या-पितळेची भांडी हे आपल्या गावाचे नाव. हंडा विकत घेताना आपण त्याची चकाकी पाहतो, पण चकाकीवर पैसे देत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकतो, पाणी भरून बूड ओले होते का ते पाहतो. हिरवा दिवा ही पेटीची चकाकी आणि पिंग ही टिचकी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता पाच प्रश्न. त्यांचा नियम एकच आहे. जवळून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल लांब जायचे. जिथे पहिल्यांदा उत्तर येणार नाही तिथेच थांबायचे. दोष तिथे किंवा त्याच्या एक पाऊल अलीकडे असतो. नळाला पाणी आले नाही तर आपण आधी आपली तोटी पाहतो, मग गल्लीतला व्हॉल्व्ह, मग टाकी. एकदम टाकीवर चढत नाही. तसेच हे.

तपासताना संगणक पेटीला वायरीनेच जोडावा. वायफायवर तपासले तर भिंतीचा दोष पेटीच्या माथी जातो. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडायची. तिच्यात इंग्रजी अक्षरांत पिंग लिहायचे, एक जागा सोडायची आणि ज्याला विचारायचे त्याचा आकडा लिहायचा. विंडोजचा संगणक आपोआप चार वेळा विचारतो आणि चार उत्तरे दाखवतो.

पहिला प्रश्न स्वतःला. आकडा १२७.०.०.१. जगातल्या प्रत्येक संगणकावर या आकड्याचा अर्थ "मी स्वतः" असा आहे. निरोप बाहेर जातच नाही, आतल्या आत फिरून येतो. उत्तर आले नाही तर दोष संगणकातच आहे, पेटीवाल्याला बोल लावू नये.

दुसरा प्रश्न पेटीला. तिचा आकडा पेटीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर बहुधा असतो. पुष्कळ पेट्यांचा १९२.१६८.१.१ असतो, काहींचा थोडा वेगळा. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून शेजारच्या पेटीचाही तोच आकडा असला तर घाबरू नये. दोन घरांतल्या दोन मुलींचे नाव एकच असते, तशातला हा प्रकार. इथे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. उत्तर न आले तर वायर, तिचे टोक किंवा पेटी यांपैकी एकात दोष आहे. आणखी एक खूण सांगते. संगणकाला मिळालेला स्वतःचा आकडा जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पेटीने त्याला पत्ता दिलेलाच नाही, आणि संगणकाने स्वतःच काहीतरी आकडा धरून ठेवला आहे असे समजावे.

आमची पहिली दोन उत्तरे ठीक आली. चारांपैकी चार.

तिसरा प्रश्न गावाबाहेर, आणि तो आकड्याने. आकडा ८.८.८.८ किंवा १.१.१.१. हे दोन आकडे मोठ्या कंपन्यांनी लोकांसाठी चालवलेल्या यंत्रांचे आहेत, पाठ करायलाही सोपे. उत्तर आले म्हणजे निरोप आपल्या खोलीतून निघाला, पेटीतून गेला, काचेच्या तारेतून गावाबाहेर पडला आणि परत आला. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई आपल्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन सातशे किलोमीटर धरले तर नुसत्या धावण्याला साडेतीन मिलिसेकंद पुरतात. वाटेतल्या यंत्रांत थोडा वेळ जातो, तार काही सरळ रेषेत नसते, त्यामुळे दहा, वीस, तीस असा आकडा दिसला तर चिंता नाही. तीनशे-चारशे दिसू लागला, किंवा एकदा वीस आणि एकदा सातशे असा उड्या मारू लागला, तर विचारणा करावी.

आमचे तिसरे उत्तरही ठीक आले. तो मुलगा चहाचा कप ठेवून म्हणाला, "बघा काकू, नेट चालू आहे." मी म्हटले, "अजून दोन राहिले."

चौथा प्रश्न पुन्हा गावाबाहेर, पण आता नावाने. आपण रोज आकडे लिहीत नाही, संकेतस्थळाचे नाव लिहितो. यंत्राला मात्र नाव कळत नाही, त्याला आकडाच लागतो. नावावरून आकडा सांगणारी एक व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. तीही १९८३ सालीच निघाली. पोस्टमनला नुसते "बाळूची आई" सांगून चालत नाही, घर सांगावे लागते. नावावरून घर सांगणारा हा गल्लीतला जाणता माणूस समजा.

मी नाव लिहिले. उत्तर आले की असे कोणी सापडत नाही. दुसरे नाव लिहिले, तेच. आकड्याने पिंग गेले, नावाने गेले नाही. हिरवे दिवे सगळे लागलेलेच होते!

आता पाहा, तो मुलगा सही घेऊन गेला असता तर काय झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कागद घेऊन आल्या असत्या. एकही संकेतस्थळ उघडले नसते. आपण म्हटले असते, "नेट नाही." लाइनवाले त्यांच्याकडून तपासून म्हणाले असते, "लाइन चालू आहे," आणि ते खरेच बोलले असते. पेटी विकणारा म्हणाला असता, "दिवे लागलेत ना?" तेही खरेच. पुन्हा तीच तीन दारे. पण चौथ्या प्रश्नावरून कळून चुकले की तार चांगली आहे, पेटी चांगली आहे, फक्त नावे विचारण्याची जागा चुकली आहे. मुलाने पेटीची पाने उघडून पाहिली. डीएनएसच्या रकान्यात भलताच आकडा भरलेला होता. त्याने तो बदलला, पेटी बंद करून पुन्हा लावली. दहा मिनिटांचे काम. चौथे उत्तर आले.

त्याचा त्यात राग नव्हता, उलट त्याने आमचे पाचही प्रश्न आपल्या फोनमध्ये लिहून घेतले. म्हणाला, "काकू, पुढच्या घरी मीच विचारीन."

पाचवा प्रश्न सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा. ज्या कामासाठी पेटी आणली ते काम ज्या जागी करायचे आहे त्या जागी होते का, आणि टिकते का? एकदा उत्तर आले म्हणजे शंभरदा येईल असे नाही. म्हणून आम्ही संगणक वरच्या शिवण वर्गात नेला, नव्या स्विचला जोडला आणि पेटीला सारखे विचारत राहिलो. पिंगपुढे एक आडवी रेघ आणि टी हे इंग्रजी अक्षर लिहिले की ते थांबवेपर्यंत विचारत राहते, आणि कंट्रोल व सी या दोन कळा एकदम दाबल्या की थांबून हिशेब देते. शंभर निरोपांत चौदा हरवले. एकाच घरात, वीस पायऱ्यांच्या अंतरावर! वायरीवर घरातल्या घरात एकही हरवता कामा नये.

वायर तपासत गेलो तेव्हा जिन्याच्या वळणावर एक खिळा वायरीच्या अंगातूनच ठोकलेला सापडला. त्या जाड वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. चांगली गती मिळायला चारही जोड्या धड लागतात. एखादी दुखावली की नेट पुरते बंद पडत नाही, रडतखडत चालते. असा दोष सर्वांत त्रासदायक, कारण तो दिव्यावर दिसत नाही आणि "थोडे हळू आहे" म्हणून आपण वर्षभर सोसतो. दुखावलेला भाग कापून नवे टोक बसवले. पुन्हा शंभर निरोप, हरवला एकही नाही. मग एका भगिनीने शिवणाचा एक व्हिडिओ सुरू केला, दुसरीने तिकडे बँकेचे पान उघडले, तिसरीने परगावी असलेल्या मुलीला चेहरा दाखवून फोन लावला. तिन्ही कामे एकदम चालली. तेव्हा मी सही केली आणि सहीखाली तारीख व वेळ घातली.

आता वायफायविषयी थोडे. पेटी दोन प्रकारच्या लहरी सोडते. एक २.४ गिगाहर्ट्‌झची, ती लांब जाते, भिंत बरी ओलांडते, पण गती कमी. दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची, ती वेगवान पण भिंतीपाशी दमते. आपल्याकडे अजून धाब्याची घरे आहेत, त्यांच्या मातीच्या भिंती हातभर जाड असतात. पेटी एका खोलीत आणि माणूस तिसऱ्या खोलीत असेल तर वेगवान लहरीची आशा धरू नये. काही जणी चोरीच्या भीतीने पेटी लोखंडी कपाटात ठेवतात. लोखंडातून लहरी बाहेर येत नाहीत, आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटात पेटी भाजून निघते ती निराळीच. उंच, मोकळ्या, वारा लागेल अशा जागी ठेवावी.

काही सूचना थोडक्यात सांगते.

पिंगला उत्तर आले नाही म्हणजे पलीकडचे यंत्र मेलेच, असे लगेच ठरवू नये. काही यंत्रे मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, दारावरची कडी वाजवली तरी न बोलणाऱ्या माणसासारखी. म्हणून निदान दोन ठिकाणी विचारून मग बोलावे.

नव्या पेटीचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा, वायफायचाही आणि पेटीच्या आतल्या पानांचाही. नवे कुलूप आणून किल्ली दारातच टांगून ठेवण्यासारखे ते आहे. तो शब्द भिंतीवर लिहू नये.

विजेचा गडगडाट सुरू झाला की पेटीचा प्लग काढून ठेवावा. नवा अडॅप्टर घेताना जुन्यावर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचून घ्यावे. भोक बसले म्हणजे अडॅप्टर चालला, असे नसते.

आणि वही ठेवावी. मंडळाच्या कपाटात आपण जमाखर्चाची वही ठेवतो, तशीच ही. पेटी चांगली चालत असताना पाचही उत्तरे तारखेसह लिहून ठेवली म्हणजे बिघडल्यावर तुलना करता येते. चांगल्या प्रकृतीत नाडी किती असते हे माहीत असेल तरच ताप कळतो. आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहे, पेटीला एक मिलिसेकंद, बाहेर अठरा, नावाने अठरा, वरच्या मजल्यावर शंभरात शून्य हरवले.

या वहीचा उपयोग झाला का, असे विचाराल तर झाला. पोळ्याच्या आठवड्यात एक दिवस नेट बंद पडले. त्या वेळी मी गावात नव्हते. मंडळात होत्या त्या आपल्या शिवण वर्गाच्या अक्का, त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी वही उघडली, प्रश्न विचारले आणि लाइनवाल्यांना फोन करून सांगितले, "पेटीपर्यंत उत्तर येते, बाहेर येत नाही, तांबडा दिवा लुकलुकतो आहे, सकाळी साडेनऊपासून." पलीकडच्या माणसाने पेटी बंद करून पाहा, संगणक बदलून पाहा असे काही म्हटले नाही. दुपारी माणूस आला, नाल्याच्या कामात तुटलेली तार जोडून गेला. अकरा दिवसांच्या जागी सहा तास. त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या भगिनींना अक्कांनी "उद्या या" असे सांगितले नाही. "बाहेर तार तुटली आहे, दुपारी चारनंतर विचारा, शेतातून परत येताना या," असे सांगितले. कोणाची मजुरी बुडाली नाही.

भगिनींनो, मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. सरकारने २०११ साली देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याचे ठरवले, त्या कामाला पुढे भारतनेट नाव मिळाले. तार गावापर्यंत आणणे सरकारचे आणि कंपन्यांचे काम खरे. पण तारेच्या शेवटच्या हातभर अंतरावर आपण बसलेल्या असतो. तिथे नीट विचारणारी बाई असेल तर दोष लवकर सापडतो, आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाचेही काम हलके होते. आपण कोणाशी भांडत नाही. फक्त "नेट नाही" या मोघम बोलण्याऐवजी "इथवर आहे, इथून पुढे नाही" असे नेमके बोलतो. नेमके बोलणाऱ्याला कोणी सहसा टोलवत नाही.

माझी मंडळाला एक विनंती आहे. हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून पेटीशेजारच्या भिंतीवर लावावेत, आणि दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी एका निराळ्या सभासद भगिनीने ते विचारून वहीत उत्तरे लिहावीत. बारा महिन्यांत बारा जणी तयार होतील. ज्यांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत त्यांनी भिंतीवरचे अक्षर पाहून तशीच कळ दाबावी. रांगोळीचे ठिपके मोजून काढणाऱ्या हातांना ते मुळीच अवघड नाही. पुढच्या महिन्याची पाळी कोणाची, ते आजच चिटणीसबाईंकडे नाव देऊन ठरवावे.